टाकून द्यायची रोपं

४ फेब्रुवारी
आलो एकदाच्या! सहा पेट्या, दोन गाद्या, मी आणि धाकटी बहीण. रोपवाटिकेतल्या काचघराच्या वरच्या दोन खोल्या नोकरीबरोबरच मिळाल्यात, खिडकी भलीमोठी. धाकटीनं आत पाय ठेवताच नाक मुरडलं, म्हणजे बाईसाहेबांची तब्येत सुधारतेय म्हणायची. तापानं चार महिने पार पिळून काढलंय तिला. आई-बाबांच्या मागे मला तीच एक. इथं ती दोन घास जास्त जेवली तरी मी भरून पावले.

७ फेब्रुवारी
काम मजेचं आहे. ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ, जवळ शिदोरी अशी नाहीच. म्हणून ते बाटलीत, गोड जेलीवर रुजवतात. चिमट्यानं एकेक रोप बाहेर काढायचं, कोमट पाण्यात जेली धुवायची आणि ओल्या शेवाळात लावायचं. मोठे माळी (उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण सगळे मोठेच म्हणतात) शेजारी बसून शिकवतात. उष्ण रानातल्या एका जातीबद्दल त्यांनी दोनदा बजावलं, की तिची मरतुकडी रोपं त्याच दिवशी जाळायची. मी आपलं हो हो म्हटलं.

१२ फेब्रुवारी
जाळवेना. नखाएवढी पोरं ती! अकरा रोपं डब्यात घालून वर आणली. या धंद्यात असली टाकाऊ रोपं घरी न नेणारं कोण आहे? धाकटीला तर कामच मिळालं. सूपच्या वाडग्यात शेवाळ पसरून लावली, बोटांनी पाणी शिंपडते, त्यांच्याशी गप्पा मारते. आज स्वतःहून भूक लागली म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

२० फेब्रुवारी
रोपं तरारलीत. धाकटी मात्र पुन्हा उतरली. जेवण नको, पाणी सारखं हवं. डॉक्टरीणबाई अशक्तपणा आहे म्हणाल्या. वाडगा दूर ठेवला तर रडते.

२४ फेब्रुवारी
दुपारी तिचं अंग पुसत होते. नखांखालून मनगटापर्यंत रुपेरी दोरे गेलेले. मला शिरा वाटल्या. ओलं फडकं लागलं आणि त्या रेषा हिरव्या झाल्या. ऑर्किडची मुळं अशीच असतात. कोरडी असली की रुपेरी, भिजली की हिरवी. अगं आई गं.

२५
मोठ्या माळ्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, धडधाकट रोपांना शेवाळ पुरतं, मरतुकडी दुसऱ्याच्या अंगावर जगतात. मागे इथल्याच एकीला दवाखान्यात नेलं होतं, हात कापला, पण मुळं पुढे गेलेली. ओढून काढू का, विचारलं. नको म्हणाले. मुळं सुटत नाहीत, जिला चिकटलीत तिचंच साल निघतं. मग करू काय मी? ते नुसते हातमोजे घालत राहिले.

२६
ऐकलं नाही मी. चिमट्यानं एक मूळ ओढलं. धाकटी किंचाळली— नख निघून आलं— आणि मूळ तिथंच. मीच केलं हे. माझ्या हातांनी आणली वर.

२८
वाडग्यात नुसतं शेवाळ. रोपं तिच्या दंडांवर, गळ्यावर— पानं जाड, चकचकीत. ती हसते. दुखत नाही म्हणते. ताई, पडदा सरकव, ऊन येऊ दे म्हणते.

१ मार्च
मोठे माळी आले. दारातूनच बघितलं. तिच्या कानामागे कळी— म्हणाले, या जातीची कळी जन्मात पाहिली नव्हती. आवाज मऊ. मी विनवत होते, त्यांना ऐकूच येत नव्हतं. पाण्याचा फवारा आत ठेवला, आम्ही दोघी आत असतानाच दाराला बाहेरून कडी घातली.

३
हाका मारून घसा बसला. धाकटी बोलत नाही आता. डोळे उन्हाकडे. ताई म्हटल्यासारखे ओठ हलले— एकदाच—

४
हिला एकटीला टाकणार नाही मी. सकाळपासून हात हातात घेऊन बसलेय. डाव्या हातानं लिहितेय. बोटांना मुंग्या. तहान फार— उठून पाणी घ्यावं म्हटलं, तर हात सुटत ना—