पिवळ्या रंगातलं रान

५ सप्टेंबर १९७९
गोफणीचा तो फटकारा — आणि मागून आईची हाळी, 'हाऽ होऽ!' पन्नास वर्षं झाली, बाजरी कणसावर आली की अजून कानात घुमते. आज मात्र डोकंच फिरलं. चिखलीच्या चावडीवर विकासाचा नकाशा लावलाय. विमानातून फोटो काढून पुण्याच्या कचेरीने रंगवलेला! पिवळं ते पडीक. पडीक तिथे कारखाने. माझं चार एकर रान — पिवळं! पुरुषभर बाजरी उभी आहे तिथे. आकाशातून विकास मोजतात म्हणे!

७ सप्टेंबर
इम्तियाजला सांगितलं. बारा वर्षं तोच ते रान निम्म्या वाट्याने कसतो. माझं पेन्शनवर भागेल. त्याच्या घरात सहा तोंडं.

१० सप्टेंबर
कचेरीत गेलो. इम्तियाज बाहेर थांबला. साहेब तिशीतला. म्हणाला, "गुरुजी, फोटो खोटं बोलत नाही." पाहिला फोटो. तारीख — नऊ मे! अरे, वैशाखात रान नांगरून ढेकळं उन्हात तापत ठेवतात. चौथीतल्या पोराला कळतं हे! आवाज चढला माझा. त्याने शांतपणे जागेवरच्या चौकशीचा कागद काढला. 'शेतात काय आहे? — काही नाही.' खाली गावकऱ्याची सही.

कोण हा गाढव, म्हणून चष्मा लावला. वळणदार अक्षर. माझंच.

कुणा गावकऱ्याच्या सहीचं ऐकून एसटीत इम्तियाज धुमसत होता. "ज्यानं सही केली, त्यो भाकर खात न्हाई व्हय, गुरुजी? नाव कळलं का?"

म्हणालो, वाचता आलं नाही.

११ सप्टेंबर
आठवलं सगळं. मे महिन्यात कचेरीकडून चौकशीला दोघं आली होती, एक मुलगी, एक मुलगा. शिकलेली पोरं दारात — मी हरखलोच! ताक दिलं, वर्गातल्या कविता म्हणून दाखवल्या. शेतात काय आहे, मुलीने विचारलं. होती नुसती ढेकळं. काही नाही म्हणालो आणि कवितेच्या नादात सही ठोकली. मूर्ख म्हातारा!

१४ सप्टेंबर
हरकत लिहिली. फाडली. तिच्यावर कसणाऱ्याचीही सही लागते, म्हणजे इम्तियाजला माझ्या त्या सहीसकट सगळं वाचून दाखवणं आलं. वीस तारखेला मुदत संपते.

१७ सप्टेंबर
दार वाजलं. तीच मुलगी — नीला नाव तिचं. कुणी न पाठवता आलेली. "गुरुजी, चूक माझी. पावसाळ्यात काय पेरता, ते मी विचारलंच नाही. उभी बाजरी बघून आज दुरुस्ती लिहून नेते. त्या दिवशी तुम्ही सही केलीत, तीच आता रद्द करायची."

तिच्या मागे, वाटेत भेटून सोबत आलेला इम्तियाज उभा होता.