अरुंधती दिसेपर्यंत लाइट बंद

मी, चतुराबाई कडुबा तांगडे, वय त्र्याहत्तर, धंदा मंगल कार्यालय, राहणार शेंद्रा, जिल्हा छत्रपती संभाजीनगर, माझ्या मिळकतीची माझ्यामागे काय विल्हेवाट लावायची ते आज राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मुलगा सोमनाथ याला त्याबद्दल शंका आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. जालना रोडवरील कडुबा लॉन्स ही मिळकत माझ्या नावे आहे. माझ्यानंतर ती सोमनाथला मिळावी. वऱ्हाडाला काय हवं-नको ते त्याला चांगलं कळतं. मात्र तिथला एकही फोकस आभाळाकडे तोंड करून लावू नये, आणि रस्त्याच्या कडेला जाहिरातीचा चमकता पडदा उभारू नये. त्या पडद्यासाठी त्याची बोलणी चालू आहेत, हे मला माहीत आहे.

२. लॉन्सच्या कोपऱ्यातली मीटरची खोली, जाण्यायेण्याच्या हक्कासह, मुलगी तनुजा, राहणार गारखेडा, हिला द्यावी. मेन स्विच तिच्या ताब्यात राहील. भावाला बहिणीला विचारल्याशिवाय लाइट लावता येणार नाही, हे मी ठरवूनच लिहिलं आहे. वकीलसाहेब हसले, पण कागद पक्का आहे म्हणाले.

कारणही सांगते. सोमनाथच्या लग्नात गुरुजींनी नवरा-नवरीला अरुंधती दाखवली. सप्तर्षीतल्या वसिष्ठाला लागून असलेली ती बारीक चांदणी नव्या जोडप्याने बघायची, हा आपला रिवाज. त्या झगझगाटात गुरुजींनी बोट केलं ते हॅलोजनकडे, आणि माझ्या लेकाने हॅलोजनला हात जोडले. मला असा संताप आला! पुढच्या उन्हाळ्यापासून नियम केला. गोरज मुहूर्तावर लग्न लागलं आणि अंधार पडला, की जोडप्याला अरुंधती दिसेपर्यंत सगळे लाइट बंद.

समोरच्या लॉन्सचे मालक आप्पासाहेब भर रस्त्यात म्हणाले, "चतुराबाई, भुताचं लगीन लावायलाय का? वऱ्हाडी ठेचाळतील की!"

मी म्हणाले, "तुमच्या तिथं तर लाइटीपायी नवरीच दिसंना झाली."

पुढे त्यांच्याच लेकीने, मोनिकाने हट्ट धरला, की लग्न करीन तर चतुराकाकूच्या लॉन्सवर. आप्पासाहेब स्वतः तारीख धरायला आले. मी चहा पाजला आणि काही बोलले नाही. आज बोलते: जिरली.

३. आप्पासाहेबांना माझ्यातर्फे पत्र्याच्या चाळीस टोप्या द्याव्यात. फोकसवर बसवल्या की उजेड आभाळात न जाता जेवणाऱ्याच्या ताटात पडतो. ही भेट आहे, समेट समजू नये.

४. या टोप्या ठोकून देणारे आमचे वायरमन मोतीराम यांना लॉन्सवरची शिडी आणि सगळी हत्यारं.

५. चिंचेच्या ढोलीतली पिंगळ्याची जोडी कुणाच्या नावे करता येत नाही म्हणतात. तरी ते झाड तोडू नये, आणि त्याला लाइटच्या माळा गुंडाळू नयेत. पूर्वी आम्ही रोज सकाळी फोकसखालचे मेलेले किडे सूप भरभरून टाकत होतो. आता ते किडे रातराणीवर असतात, आणि पिंगळे पोटभर खातात. मला हे कुणी शिकवलं नाही, सरकारने सांगितलं नाही. मी केलं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

६. बँकेतली ठेव दोघा मुलांत निम्मी-निम्मी. दागिने सुनेला. हॅलोजनपुढे हात जोडायची वेळ आली तेव्हा एकट्या तिनेच मला हळूच विचारलं होतं, "आत्याबाई, ही खरी हाय का?" अशा पोरीच्या अंगावर सोनं शोभतं.

७. शेवटचं. दोन वर्षं झाली, मला अरुंधती दिसत नाही. मोतीबिंदू काढला तरी दिसत नाही. लाइट बंद झाले की मी होमाच्या निखाऱ्यांच्या उजेडात नवरीच्या तोंडाकडे बघत उभी राहते. तिला सापडली की मला कळतं. माझ्यानंतर त्या जागी सोमनाथने उभं राहावं. त्याचे डोळे अजून चांगले आहेत.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ जून २०२५

सही: चतुराबाई कडुबा तांगडे

आमच्यासमोर वाचून सही केली:
साक्षीदार १. डॉ. सुलेखा म्हस्के, गारखेडा
साक्षीदार २. पुंजाराम दांडगे, शेंद्रा