काळजाला लागलेला शेक

लातूर,
ता. ९ जानेवारी २०२५

चि. सौ. साखरास,
दादाचा आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे हायेत? निर्गुडीचा पाला बांधत जा. दाजींची शुगर उतरली का? त्यांना म्हणावं, चोरून खाल्लेला गूळ पोटात गेल्यावर गप बसत न्हाई. सुनेला नववा लागला असंल, जड उचलू देऊ नको.

आणि मागल्या खोलीत जो हाय, तो जेवतो का?

हाव, मला ठाऊक हाय. माझं पोरगं तुझ्याशिवाय जाईल कुठं? त्याची आई गेली तवा तूच पदराखाली घेतलंस संगमेशला. माझा फोन पोलिसांनी नेलाय, म्हणून मलप्पा ड्रायव्हरच्या हाती हा कागद उद्या पहाटच्या एसटीनं धाडतोय.

त्यानं तुला सांगितलं असंल, "डॉक्टरणीनं बापाचं काळीज जाळलं." आता माझं ऐक. दोन वर्षांमागं फुप्फुसातली गाठ काळजाला खेटून होती. मनिषा डॉक्टरणीनं आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, "किरणांचा शेक काळजालाही थोडा लागेल. पुढं त्रास होऊ शकतो." संगमेशच म्हणाला, "द्या मॅडम. आधी माणूस राहू द्या, काळजाचं मागून बघू." शेक देताना काळीज जरा लांब सरकावं म्हणून त्या मला रोज श्वास धरायला लावायच्या. मी म्हणायचो, "बाई, म्हशीसारखं डुंबायला लावता मला." हसायच्या. गाठ विरली, साखरा. ही दोन वर्षं त्यांनीच दिली.

मंगळवारी पाय सुजले, दम लागला, म्हणून गेलो. कागद बघून त्या म्हणाल्या, "काळीज कमजोर झालंय. शेकाचाच परिणाम दिसतो. गोळ्या सुरू करू."

संगमेश उठला. "म्हंजे तुम्हीच मारायला बसलात म्हाताऱ्याला!" त्याच्या हातातलं हेल्मेट आधी टेबलाच्या काचेवर बसलं. दुसऱ्या दणक्याला त्यांचं तोंड फुटलं, दात माझ्या धोतरावर येऊन पडला. त्यांनी हात आडवा धरला. तुराटी मोडावी तसा आवाज झाला. खाली पडल्यावरही तो लाथा घालत राहिला. दारातले लोक मोबाईल धरून उभे. एकजण तर ओरडला, "हाण अजून!"

मी त्यांच्या अंगावर आडवा पडलो. "संग्या, मी हाय रे!"

तो थांबला. माझ्याकडं नीट बघितलं. आणि मारलं.

बरगडी मोडली. पोलिसांना सांगत राहिलो, पळापळीत पडलो म्हणून. पण डोळा लागला की त्याचं ते बघणंच दिसतं. माझं काळीज शेकानं गेलं तरी ते मी आधीच कबूल केलं होतं. ह्या पोरात काय शिरलंय, ते मला कुणी आधी सांगितलं न्हवतं.

डॉक्टरणीचा डोळा राहतो का जातो, अजून कळलं न्हाई.

आज खरा जबाब दिला. डॉक्टरणीला कुणी मारलं तेही सांगितलं, मला कुणी मारलं तेही. पत्ता तेवढा राखलाय. परवा सकाळी तोही सांगणार. तुझ्या दारात, गरोदर सुनेपुढं जीप यायच्या आत, त्याला पोटभर भाकरी घाल आणि दाजींना हाताला धरून ठाण्यात न्यायला सांग. मला लाख शिव्या दे. पण मागल्या दारानं काढू नको त्याला. आज पळाला तर पुढं कुणालातरी जिवानिशी मारूनच थांबंल.

मलप्पा उद्या सांजच्याला माघारी निघतो. पोरगा आपल्या पायानं गेला का न्हाई, तेवढं त्याच्या हाती लिहून धाड. लवकर धाड, बाई.

तुझा दादा,
आणि त्याचा बाप,
रामकिशन