खऱ्या अनुक्रमांकाला बनावट ठरवल्याबाबत

तसबिरीचे छायाचित्र, झेंडूच्या हारासह.
लक्ष्मीची लग्नपत्रिका, छपाई बिघडलेली.
हार्ड डिस्क, बंद पडलेली, फडक्यात गुंडाळून.
डोंबिवलीतील एका दुकानाचे गुलाबी जाहिरातपत्रक.

(सोबत जोडलेल्या वस्तू या वेळी वर लिहिल्या आहेत. मागील दोन अर्जांत त्या शेवटी होत्या आणि तिथपर्यंत कोणी वाचल्याचे आपल्या उत्तरांवरून दिसले नाही.)

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी (परवाने),
सुवाच्य संगणक प्रणाली प्रा. लि., पुणे.

विषय : मराठी अक्षरजुळणी प्रणालीचा आमचा अनुक्रमांक पूर्ववत सुरू करण्याबाबत.
संदर्भ : बनावट क्रमांकांपासून सावध राहण्याविषयीचे आपले दि. ९ मार्च १९९८ चे पत्र.

महोदय,

१. मी कोलशेत येथे टायपिंग व लग्नपत्रिकांचे दुकान चालवते. आपली प्रणाली मी सीलबंद खोक्यात घेतली; तेव्हा दूरध्वनीवर नोंदणी लागत नव्हती. जानेवारीत हार्ड डिस्क बंद पडली. नवी बसवून सर्व फ्लॉप्या पुन्हा भरल्या आणि पडद्यावर आलेला आकडा आपल्या कार्यालयाला दूरध्वनीवर कळवला. त्यावर प्रणाली सुरू करण्याचा आकडा मिळायला हवा होता. त्याऐवजी उत्तर मिळाले की हा अनुक्रमांक डोंबिवलीत दुसऱ्याच्या नावे चालू आहे, सबब माझी प्रत बनावट आहे.

२. आपल्या माणसाने सांगितले ते सर्व केले. संगणकाची तारीख तपासली. शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकून पाहिला. प्रणाली आता उघडते, परंतु प्रत्येक पानावर आडवे ‘बनावट प्रत’ असे छापते. गावातल्या लक्ष्मीच्या लग्नपत्रिकेत ते नेमके वधूच्या नावावर आले आणि घाईत एक गठ्ठा तसाच गेला. वराचे मामा दुकानात येऊन सर्वांदेखत म्हणाले, “बनावट कोन? पोरगी, का आमी?” लग्न झाले. पण गावातून काम येणे थांबले आहे. असेच चालले तर पावसाळ्याच्या आत दुकान बंद करावे लागेल.

३. प्रमाणपत्र जपून ठेवावे, असे आपल्या पुस्तिकेत छापले आहे. आमच्याकडे परवाना जपणे म्हणजे काच लावून भिंतीवर टांगणे. दुकानाच्या गुमास्ता परवान्याशेजारी आपलेही प्रमाणपत्र लावले, दसऱ्याला हार घातला. अनुक्रमांक ठळक होता. दुकान खऱ्या मालाचे आहे हे येणाऱ्याला दिसावे, एवढाच हेतू.

४. क्रमांक कोणी उतरवून घेतला ते लेखी द्या, मग विचार करू, असे आपण दोनदा कळवले. दोन्ही वेळा मी ‘एक परिचित’ असे लिहिले.

५. संदर्भातील पत्रात आपण सल्ला दिला आहे की बनावट प्रत टाळण्यासाठी केवळ अधिकृत विक्रेत्याकडून खरेदी करावी. माझ्या सोयीसाठी जवळच्या विक्रेत्याचे नावही दिले आहे : गुणाजी मढवी, डोंबिवली. महोदय, तोच तो परिचित. माझा सख्खा दीर. प्रमाणपत्राच्या त्या तसबिरीखाली बसूनच तो टायपिंग शिकला. आपल्याला दूरध्वनी त्याने माझ्या आधी केला, म्हणून आपल्या दफ्तरात तो खरा.

६. आपले पत्र घेऊन मी त्याच्या दुकानात (सोबतचे गुलाबी पत्रक तिथलेच) गेले. त्याने चहा मागवला. म्हणाला, “वैनी, नंबर भिंतीला टांगलास तवाच तो सगल्यांचा झाला. सोनं का नेलं मी तुजं?” मग घरची म्हणून मला एक नवी प्रत सवलतीत देऊ केली. खोक्यावरचा अनुक्रमांक मी उभ्या उभ्या वाचला. तो माझाच होता.

७. तरी लेखी देते की क्रमांक गुणाजी दामाजी मढवी याने उतरवून घेतला. यावर माझे यजमान काळुराम यांची सही नाही. ते म्हणाले, “तुझा दुकान हाय, माझा भाऊस हाय.” आणि उठून गेले. या कागदानंतर गणपतीत दिराच्या घरची पायरी मला चढता येणार नाही, हे समजून सही करत आहे. क्रमांक माझ्या नावे परत करावा. त्याच्यावर काय कारवाई करावी ते मला विचारू नये.

आपली नम्र
(आपल्या दफ्तरानुसार बनावट),

सौ. सगुणा काळुराम मढवी
कोलशेत, ठाणे
दि. २३ मार्च १९९८

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा गुणाजी सहा वर्षांचा होता.