मास्क लावून वास कसा घ्यायचा?

३ मार्च

ती. मामांस, सा. न. वि. वि.

मामीचा गुडघा कसा आहे? सध्या माझ्या टेबलावर काय आलंय ओळखा: तुमच्या ड्रायक्लीनिंगच्या मशीनमधलं केमिकल! त्याने यकृत बिघडतं, कर्करोगाचीही भीती. पण डाग इतके झकास आणि स्वस्तात दुसऱ्या कशाने निघत नाहीत. धोका किती, फायदा किती हे तोलून ते चालू ठेवायचं की बंद, याची शिफारस आमच्या ऑफिसने करायची. माझ्या मामांचं दुकान आहे हे साहेबांना सांगितलंय. सही दुसरं कुणी करेल. कामगार मास्क लावतात असं आम्ही धरलंय. तुम्ही लावता ना? कपडा बाहेर काढल्यावर काय काय करता, सगळं लिहा.

भाचीवरची माया पातळ होऊ देऊ नका.
चिमणी

११ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

लहानपणी 'का, का' करून डोकं खायचीस, आता त्याचाच पगार घेतेस! मास्क खुंटीवर आहे, कोरा करकरीत. तो लावून वास कसा घ्यायचा? कोट निघाला की अस्तर उलटायचं आणि बगलेत नाक खुपसायचं. केमिकलचा वास आला तर परत वाळवायला. हल्ली माझं नाक मंद झालंय, म्हणून हुंगायचं काम मामीकडे. तिचं नाक भारी तिखट. बंदीबिंदी आणू नकोस गं, या वयात नवं मशीन झेपायचं नाही.

असाच जीव लावत राहा.
तुझा मामा

१७ मार्च

ती. मामांस, सा. न.

पत्र मिळालं. आम्ही फक्त खोलीच्या हवेतलं केमिकल मोजलं होतं. अस्तरात नाक घालणारं माणूस कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हिशेब पुन्हा मांडला आणि पारडं फिरलं. छोट्या दुकानांत हे बंद करा, असं लिहिलंय. सोमवारी कागद पुढे जाईल. लिहिताना तुमचं दुकान डोळ्यांसमोर होतं. माझ्यावर रागवा, पण मामीला हुंगू देऊ नका. तुमचं नाक वयाने मंद झालंय असं मला वाटत नाही. डॉक्टरांना दाखवा.

रागातही आठवण असू द्या.
चिमणी

२१ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

राग आलाच. मामीचं नाक शाबूत आहे, पोरीला काय कळतंय, असं पुटपुटत दुकानात गेलो. संध्याकाळी परतलो तर मामी बाहेरच्या खोलीत निवांत पेपर वाचत होती आणि आत गॅसवर भाजीचा कोळसा झाला होता. तिला वास आला नाही. मलाही धूर दिसला म्हणून कळलं.

उद्या दोघं डॉक्टरांकडे जातोय. तुझा कागद जाऊ दे पुढे. मामी विचारतेय, तिने हुंगून पास केलेले कपडे ज्यांच्या घरी गेले, त्यांचं काय? तिला तूच लिही.

तुझा मामा