स्टेशन रोडची खोली व माझे नको असलेले मामेपण

मी, बन्सीधर माणिकराव वालूरकर, वय वर्षे एकवीस, मूळ राहणार वालूर, हल्ली मुक्काम परभणी, असे लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे. वडिलांचे मत निराळे आहे. पण मी कॉलेज सोडले तेव्हापासून त्यांचे मत निराळेच असते, म्हणून ते या कागदाच्या आड येऊ नये. मी कोणाच्या धाकाने, नशेने किंवा शिकवणीने लिहीत नाही. दुपारचे जेवण पोटभर झाले आहे, आणि जेवल्यावर माझा राग उतरतो हे मला ओळखणारे सर्व जण सांगतील.

उद्या मी हैदराबाद संस्थानाची हद्द सोडून पैनगंगेच्या पलीकडे जात आहे. आमच्या वयाची पुष्कळ मुले तिकडे गेली आहेत. काम काय ते इथे लिहिणे शहाणपणाचे नाही. ज्याला कळायचे त्याला कळते. परत येईन अशी मला खात्री आहे. पण खात्री असलेलीही काही माणसे आली नाहीत, म्हणून मागची व्यवस्था लावून ठेवतो.

कचेरीचे सगळे लिहिणे उर्दूत चालते हे मला ठाऊक आहे. वेळ पडल्यास कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देणारे आमचे अर्जनवीस दिनकरराव तर्जुमा करून देतील. मी मात्र ज्या भाषेत भाकरी मागतो त्याच भाषेत लिहितो.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण बाकीचे सगळे तिच्यासाठीच लिहीत आहे. कचेरीमागच्या बोळात खानावळ चालवणाऱ्या तानुबाई यांची मुलगी कस्तुरा हिच्याशी मला लग्न करायचे आहे. तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, आणि विचारायची वाट मी माझ्याच हाताने बंद करून घेतली आहे. कशी, ते कलम चौथ्यात येईल.

कलम पहिले. वालूरचे शेत वडिलोपार्जित आहे आणि वडील हयात आहेत. त्याविषयी मी काही लिहीत नाही. ऑगस्टात हैदराबादेहून पुस्तके बांधून परत आलो तेव्हा वडील परभणी स्टेशनावर घ्यायला आले होते. कॉलेज का सोडलेस, हे त्यांनी विचारलेच नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या मी चहाखान्याकडे वळलो हे पाहून ते एवढेच म्हणाले, "कालेज सोडून हाटेलं मोजायलायस का?" त्या शब्दावर मी वालूरला गेलो नाही तो आजतागायत. आता त्यांना माझे सांगणे असे की हो, मोजत होतो. आणि त्यात वेळ वाया गेला असे मला वाटत नाही. पाच महिन्यांत या गावात खाण्याची जेवढी दुकाने उघडली तेवढी माझ्या लहानपणात मिळून उघडली नव्हती. गाव वाढते आहे. दिवस वाईट आहेत हे खरे, तरी माणसे चुली पेटवतात आणि दारावर पाट्या लावतात. ज्याला उद्याचा भरवसा नाही तो पाटी रंगवून घेत नाही.

माझी सायकल वडिलांना द्यावी. ते ती चालवणार नाहीत, पण पुसून ठेवतील.

कलम दुसरे. परभणीत व आसपास जिथे जिथे मी बसून खाल्ले, तिथे माझी वहिवाट आहे असे मी समजतो. तिची वाटणी खालीलप्रमाणे.

स्टेशनासमोर गुलाम दस्तगीर यांचा चहाखाना. तिथले खिडकीजवळचे बाक माझे. त्यावरून सिग्नल दिसतो, म्हणून गाडी येईपर्यंत निवांत बसता येते. स्टेशनाच्या आत पाणी आणि चहा धर्म विचारून देतात. दस्तगीरचाचा फक्त साखर विचारतात. गेल्या काही महिन्यांत त्यांना दोन्हीकडच्या माणसांनी दम देऊन पाहिला, तरी त्यांनी दुसरा काही प्रश्न विचारायला सुरुवात केली नाही. माझे मनगटी घड्याळ त्यांना द्यावे, कारण त्यांच्या भिंतीवरचे मागे चालते आणि पूर्णेची गाडी चुकलेली माणसे चहाला नावे ठेवतात. मृत्युपत्र लिहिणार असे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी बशी पुढे सरकवली. म्हणाले, "मरने की जल्दी नक्को करो मियाँ, चाय ठंडी हो री."

शनिवार बाजाराच्या तोंडाशी एका कानडी गृहस्थाने नवे हॉटेल काढले आहे. तिथे तांदळाचे पांढरे, वाफवलेले, गोल काहीतरी मिळते. वडिलांनी एकदा ते खाल्ले आणि हे तर आजाऱ्याचं खाणं, असे सांगून निम्मे ठेवले. मला आवडते. माझा पितळी स्टो, जो वसतिगृहात माझ्यासोबत होता, तो त्या गृहस्थास कॉफीसाठी द्यावा. त्याच्या खोबऱ्याच्या चटणीत आपल्याकडचा लसूण पडलाच पाहिजे, असे मी त्याच्या गल्ल्यासमोर उभे राहून ओरडलो होतो. ती मागणी मी मागे घेतो. लसणाशिवायही ती चांगली आहे. त्याचे त्याला कळते.

पूर्णा जंक्शनवरचा भजेवाला मुंजाजी यास काहीही देऊ नये. त्याच्या भज्यांसाठी मी परभणीहून मुद्दाम गाडीत बसून जात असे. पुढे तो गाडी यायच्या आधीच तळून ढीग घालू लागला. मी त्याला थंड का देतोस म्हणून विचारले, तर भर फलाटावर म्हणाला, "गरम पायजे तर इंजनात जाऊन बस." त्यावरून शब्दाला शब्द वाढला, तेवढ्यात गाडी सुटली आणि डब्यातच राहिलेली माझी पिशवी एकटीच नांदेडला गेली. ती परत आली नाही. वैर कायम समजावे. तरी सत्य म्हणून नमूद करतो की त्याच्या तोडीचे भजे परभणीत अजून कोणाच्या कढईतून निघालेले नाही.

कलम तिसरे. स्टेशन रोडवर पत्र्याची एक दुहेरी खोली आहे. ती माझ्या कैलासवासी आईने आपली पुतळ्यांची माळ मोडून घेतली आणि माझ्या नावे केली. मी वकील होऊन तिथे टेबल टाकून बसावे अशी तिची इच्छा होती. ते होणे नाही. सदर खोली मी कस्तुरा हिला देतो. तिने तिथे आपल्या आईची खानावळ आणावी. बोळातल्या जागेत धुराला वाट नाही. तानुबाईंचे डोळे सदा लाल असतात, आणि माणसे दोन पाळ्यांनी जेवतात तेव्हा दुसरी पाळी पहिलीच्या पाठीवर उभी असते. स्टेशन रोडला खोलीमागे मोकळे आहे. चूल मागच्या अंगाला घालावी. भिंतीला मोठी खिडकी पाडावी. येसराची आमटी, बाजरीची भाकरी, भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि शेंगदाण्याची चटणी हे उतरणाऱ्या प्रवाशाला फलाटावरूनच वासाने कळावे. एक दिवस ही राजवट राहणार नाही, गाड्या वाढतील, दुरून माणसे येतील आणि परभणीत कुठे जेवावे असे विचारतील. तेव्हा टांगेवाल्याने काही न बोलता तिथे नेऊन सोडावे, एवढे त्या खानावळीचे नाव व्हावे.

कस्तुराने लग्न कोणाशीही केले तरी खोली तिचीच राहील. (हे वाक्य लिहिताना माझा टाक मोडला. दुसरा घेतला आहे.) तिचे नाव कागदावर आले म्हणून बोळातल्या कोणी तोंड उघडू नये. उघडल्यास मी जिवंत असलो तर परत येऊन जाब विचारीन, आणि नसलो तर दिनकररावांनी विचारावा.

कलम चौथे. माझ्या मामेपणाविषयी.

तानुबाईंना भाऊ नाही. म्हणून दर भाऊबीजेला खानावळीचा जो सभासद हजर असेल त्याला त्या पाटावर बसवतात, ओवाळतात आणि मग जेवू घालतात. ही चाल बोळात सर्वांना माहीत आहे. मी नवा, मला माहीत नव्हती. गेल्या दिवाळीत बाकीचे सभासद आपापल्या गावी गेले. वालूरला न जाण्याचा माझा हट्ट होता, म्हणून मी उरलो, आणि घरी कोणी नाही म्हणून दिनकरराव उरले. मी बोळात शिरलो तेव्हा अनारशांचा वास येत होता. दोन पाट मांडलेले दिसले. एकावर दिनकरराव बसले होते, दुसऱ्यावर मी बसलो. कपाळाला कुंकू लागले तेव्हाही माझे लक्ष आत तळणाकडे होते. ताम्हनात रुपया टाकला तो सणाचा म्हणून. अनारसा तोंडात घातला आणि दिनकरराव हसत म्हणाले, "झालात की मामा कस्तुराचे."

दुसरा अनारसा मी ताटातच ठेवला.

दुसऱ्या दिवशी भर पंगतीत कस्तुराने टोपले पुढे करून विचारले, "मामा, अजून एक भाकर वाढू का?" तेव्हापासून सगळा बोळ मला मामा म्हणतो. पानवाला म्हणतो. ज्याच्या दुकानात मी कधी गेलो नाही तो शिंपीही म्हणतो. माझ्या रागाची सगळ्यांना भीती वाटते, पण या शब्दावर मी कोणाशी आणि काय भांडणार?

करिता मी जाहीर करतो की सदर ओवाळणी चालीच्या अज्ञानाने व अनारशांच्या मोहाने झाली आहे. तीवरून माझ्यावर कोणी नाते लादू नये. तानुबाईंचा मान मी आईइतका ठेवीन. थोरली बहीण सोडून त्या सांगतील ते नाते मला कबूल आहे.

कलम पाचवे. माझे काही झाल्यास तेराव्याला बुंदीची पंगत घालू नये. मला बुंदी आवडत नाही आणि माझ्या नावाने ती कोणी खाऊ नये. त्याऐवजी दस्तगीरचाचांकडे त्या दिवशी येईल त्याला चहा पाजावा.

पुरवणी. वरील मजकूर तानुबाईंच्या ओट्यावर बसून पुरा केला. दुपारची पंगत उठली होती. दिनकररावांनी तो खड्या आवाजात वाचून दाखवला, कारण लिहिणाऱ्यासमोर आणि साक्षीदारांसमोर वाचल्याशिवाय कागद पक्का होत नाही असे ते म्हणाले. साक्षीसाठी दिनकरराव स्वतः होते, आणि दुसऱ्या साक्षीला तानुबाईंचे नाव मीच लिहून ठेवले होते. त्या तुरीची डाळ निवडत ऐकत होत्या. कस्तुरा आत भांडी घासत होती. कलम तिसऱ्याला भांड्यांचा आवाज थांबला. कलम चौथे संपले तेव्हा ती राखेचे हात तसेच घेऊन दारात आली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. आईशी बोलली. ते तिच्याच शब्दांत इथे उतरवतो, कारण ते माझ्या सगळ्या मिळकतीपेक्षा महत्त्वाचे आहे.

"आई, दिनकरमामाला ओवाळलं आन् निरांजन इझलं. घरातलं तेल संपलं न्हवतं, मीच मुद्दाम थेंबभर घातलं होतं. ह्यांच्यापुढं तू इझलेलाच दिवा फिरवलास. तसलं ओवाळलेलं भावाला लागू व्हत न्हाई."

मग इतके दिवस मामा मामा काय करायलीस, असे तानुबाईंनी विचारले. बोळातली तोंडं गप बसावीत म्हणून, असे ती म्हणाली आणि आत गेली. भांडी पुन्हा वाजू लागली. पहिल्यापेक्षा फार जोराने.

तानुबाईंनी डाळीतला एक खडा वेचून ओट्याखाली टाकला. मी बोलायला तोंड उघडले, तर दिनकररावांनी माझा गुडघा दाबून धरला. मग त्या म्हणाल्या, "मला डोळे न्हाईत व्हय? इझला तवाच दिसलं मला. भुकेलं पोरगं पाटावर बसलेलं, म्हणून फिरवला तसाच. आन् पौषात असल्या गोष्टी काढत न्हाईत. पलीकडून नीट येऊ द्या आधी."

याचा अर्थ होकार की नकार हे मला कळले नाही. विचारायचे धाडस झाले नाही. माझे धाडस कमी पडले असा लिहिण्याजोगा हा पहिलाच प्रसंग.

दिनकररावांनी मग साक्षीचे काम पुढे घेतले. तानुबाईंच्या अंगठ्याला शाई लावली आणि कायद्याप्रमाणे दोन प्रश्न विचारले. या कागदातून तुम्हाला स्वतःला काही मिळते का? त्या नाही म्हणाल्या. "खोली पोरीची, माझी न्हाई." दुसरा प्रश्न, लिहून देणाऱ्याच्या घरच्या तुम्ही कोणी नाहीत ना? घरच्या माणसाची साक्ष पुढे कोर्टात टिकत नाही, म्हणून विचारतो, असे दिनकरराव म्हणाले.

अंगठा कागदापासून वीतभर वर होता. तानुबाईंनी तो तसाच धरला. आत भांड्यांचा आवाज पुन्हा थांबला होता. मग त्यांनी हात मागे घेतला, पदराच्या टोकाने शाई पुसली आणि म्हणाल्या, "मंग माझा अंगठा नको, दिनकरराव. दुसरं कुणी तरी बघा."

दिनकररावांनी चष्मा काढून पुसला. मी काय केले ते मला आठवत नाही. ओट्यावरून खाली उतरलो होतो एवढे खरे. चुडाव्याचे भुजंग, रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले, पाळी संपवून उशिरा जेवायला आले होते. त्यांना हात धुवायला सांगून साक्षीला बोलावले. त्यांचे आमच्याशी काही नाते नाही याची खात्री करून घेतली.

वरील कलमांपैकी चौथ्याची आता गरज नाही, ते वाचू नये. बाकीची कायम. मात्र पाचव्याचा उपयोग करण्याची कोणी घाई करू नये. माझी तशी तयारी नाही.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिले व सही केली.

मुक्काम परभणी, कचेरीमागचा बोळ. शके १८६९, पौष महिना, मंगळवार, तारीख २० जानेवारी १९४८, सन १३५७ फसली.

लिहून ठेवणार : बन्सीधर माणिकराव वालूरकर

साक्षीदार :
१. दिनकरराव, अर्जनवीस, परभणी. सही.
२. ~~तानुबाई, खानावळ~~ भुजंग, सांधेवाले, राहणार चुडावा. अंगठा.

साक्षीदार दोन यांच्या जागी झालेली खाडाखोड माझ्यासमोर झाली असून ती मला मनापासून मान्य आहे. ब. मा. वा.