निळ्या कंदिलाबाबतची तजवीज

या महिन्याच्या नऊ तारखेला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी एका माणसाला "शोधत राहा" असे दोन शब्द लिहून पाठवले. अंघोळ झाली होती, देवाचे नाव घेऊन झाले होते. तो माणूस जे शोधत होता ते कुठेच नाही, हे मला पक्के ठाऊक होते. दोन शब्द पाठवले, चहा घेतला आणि दाढी करायला आरशासमोर गेलो, तो अर्ध्या गालाला साबण लावून तसाच उभा राहिलो. पत्नीने विचारले, "अहो, काय झालं? छातीत दुखतंय का?" मी म्हणालो, "नाही." त्याच दुपारी जाऊन हे कागद आणले.

तर मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसाठ, धंदा वजनकाटे दुरुस्ती, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाची झडप बदलायची शस्त्रक्रिया चोवीस तारखेला ठरली आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." मग दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "घरची कामं तेवढी उरकून घ्या."

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, पत्नीला द्यावे. घर विकावे की ठेवावे याबद्दल तिला कोणी सल्ला देऊ नये. तिला विकायचे असेल तर ती विचारणार नाही, सांगेल. गॅलरीचे दार अडते. ते आधी उचलून मग ढकलावे लागते, हे तिला माहीत आहे, इतरांसाठी लिहिले.

२. बँकेतील शिल्लक आणि विमा पत्नी व मुलगी यांना निम्मे निम्मे. कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत. याबाबत अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

३. अॅल्युमिनियमची घडीची शिडी साडूंना द्यावी. ती सहा वर्षांपासून त्यांच्याकडेच आहे. दर वेळी "या रविवारी आणून देतो" म्हणतात. आता त्यांनी आणून देऊ नये. मी जाताना त्यांच्यावर एवढा एकच राग शिल्लक होता, तोही इथे सोडला.

४. दुकानातील हत्यारे, चिमटे, भिंग आणि लाकडी पेटीतील कसोटीची पितळी वजने मुलीला द्यावीत. ती नकाशे काढण्याच्या कामात आहे, तिला वजनांचा उपयोग नाही. पण लहानपणी ती दुकानात बसून त्यांना ओळीने उभे करायची आणि सर्वांत लहान वजनाला "बाळ" म्हणायची. म्हणून तिला. वजनांना उघड्या हाताने धरू नये, घाम लागतो.

या पेटीमागची एक हकीकत लिहितो, कारण पुढचे कलम तिच्याशिवाय समजणार नाही. मी सतरा वर्षांचा असताना काटेदुरुस्तीच्या कारखान्यात शिकायला लागलो. दुसऱ्याच दिवशी उस्तादांनी मला सांगितले, "जा, बाजारातून पाच किलोचं पोकळ वजन घेऊन ये." मी गेलो. पहिला दुकानदार गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "संपलं बघ, पुढच्या गल्लीत मिळेल." पुढच्या गल्लीतल्याने नदीपलीकडे पाठवले. संध्याकाळी पायाला फोड घेऊन रिकाम्या हाताने परत आलो तेव्हा सगळा कारखाना दारात उभा होता. वजन पोकळ असले तर ते वजन कसले, हे मला तेव्हा कळले. सगळे हसले, उस्तादांनी चहा पाजला आणि मी त्यांच्यातला झालो. त्या हसण्यात मीही सामील झालो होतो, पण घरी जाऊन जेवलो नव्हतो, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

५. आता खेळाबाबत. मुलगी नोकरीसाठी दूर गेली तेव्हा तिने मला संगणकावर एक खेळ लावून दिला. "बाबा, घरात नुसते बसून राहाल, त्यापेक्षा हे करा." त्या खेळात एक जग आहे, त्यात समुद्र, बेटे, गुहा आणि जगभरचे लोक आहेत. प्रत्येकाने एक रूप आणि एक नाव घ्यायचे. मी "वाटाड्या" हे नाव घेतले. अकरा वर्षे मी रोज पहाटे साडेपाच ते सात तिथे असतो. चाळीस जणांची आमची टोळी आहे, त्या टोळीचा मी प्रमुख. माझा उजवा हात म्हणजे "हातोडा" नावाचा गडी. प्रत्यक्षात तो बसचालक आहे आणि चार तासांच्या अंतरावर राहतो.

जुन्या लोकांनी नव्यांना कसे वागवायचे याची तिथे एक रीतच पडून गेली आहे. नवा माणूस बंदरावर उतरला की त्याची पहिली तलवार हिसकायची. त्याने रस्ता विचारला तर उलटा सांगायचा. त्याने काही समजून घ्यायला तोंड उघडले की "इतकंही येत नाही?" म्हणायचे. लढाईला नेले तर आमिष म्हणून पुढे उभे करायचे. का, असे कोणी विचारले की सगळ्यांचे एकच उत्तर: आम्हालाही असेच केले होते. मीही हेच उत्तर दिले आहे, आणि देताना मला ते न्यायाचे वाटत होते.

आमच्या टोळीची परीक्षा मात्र मी स्वतः बसवली. टोळीत यायचे असेल तर समुद्रतळातून निळा कंदील शोधून आणायचा. निळा कंदील खेळात नाहीच. ते माझे पोकळ वजन. नवा माणूस दोन-तीन दिवस पाण्यात बुड्या मारायचा, मग चिडून यायचा आणि आम्हाला शिव्या घालायचा. पहिली शिवी आली की आम्ही टाळ्या वाजवून त्याला आत घ्यायचो. आठ वर्षांत कोणीही चौथ्या दिवसापर्यंत टिकला नव्हता.

मागच्या वर्षी एक जण आला. तो फार हळू चालायचा, वळायला वेळ घ्यायचा, मधेच थांबायचा. हातोड्याने त्याला "गोगलगाय" म्हणायला सुरुवात केली, मग सगळेच म्हणू लागले. त्या गृहस्थांनी स्वतः घेतलेले नाव "निवांत" होते. ते नाव आम्ही कोणी वापरले नाही, म्हणून इथे मुद्दाम वापरतो.

चौथा दिवस गेला, दहावा गेला. निवांतराव चिडून आले नाहीत. रोज सकाळी सहाला मला त्यांचा अहवाल यायचा: आज अमुक खाडी पाहिली, इतक्या गुहा झाल्या, कंदील नाही. तिसऱ्या आठवड्यात हातोड्याने सगळे ऐकत असताना त्यांना बोलते केले.

"काय गोगलगाय, कुठवर आलात?"

"पूर्वेची खाडी झाली, साहेब. सदतीस गुहा."

"मग अडतिसाव्या गुहेत असणार!"

सगळे हसले. निवांतरावही हसले आणि म्हणाले, "अडतिसावी राहिलीय खरी. उद्या बघतो."

कोणीतरी विचारले, इतके दिवस शोधता, कंटाळा येत नाही? तर ते म्हणाले, "टपालात चौतीस वर्षं काढली हो. पत्ता दिलाय म्हणजे घर असतंच. कधी नाव पुसलेलं असतं, कधी माणूस जागा सोडून गेलेला असतो. पण घर असतं. उजवा हात झटक्यानंतर नीट चालत नाही, म्हणून उशीर होतोय. तेवढं सांभाळून घ्या."

त्या दिवशी सांगायला हवे होते. पहिल्या आठवड्यात सांगितले असते तर ती गंमत ठरली असती. तिसऱ्या आठवड्यात सांगायची लाज वाटली. तिसऱ्या महिन्यात वाटू लागले की आता सांगणे म्हणजेच खरी दुष्टाई. मी रोज "शोधत राहा" लिहीत गेलो. माझ्या देवाला मी रोज खरे बोलण्याची बुद्धी मागतो, आणि ती मागून झाली की हे लिहायचो. असे चौदा महिने.

नऊ तारखेला अहवाल आला: "उत्तरेचा सगळा किनारा संपला. आता दक्षिण. तिथे वर्षभर तरी लागेल." आरशासमोर माझ्या मनात आले, की वर्षभराने मी असेन की नाही ठाऊक नाही, आणि हे गृहस्थ पाण्यातच असतील.

६. टोळीचे प्रमुखपद माझ्यामागे हातोड्याकडे जायचे, असे आमचे दहा वर्षांपासून बोलणे होते. ते मी मागे घेत आहे. कारण लिहितो, म्हणजे त्याच्या मनात किंतू राहणार नाही. दहा तारखेला मी त्याला फोन करून म्हणालो, मी निवांतरावांना खरे सांगणार आहे.

"वाटाड्या, डोकं फिरलंय का तुझं? आता सांगून काय मिळणार?"

"मला काही मिळायचं नाही."

"त्याला तरी काय मिळणार? म्हातारा रोज उठतो आणि कामाला लागतो. दुसरं आहे काय त्याला? तू ते पण काढून घेणार?"

हे बोलणे खोटे नव्हते. मी स्वतःला हेच सांगत आलो होतो. म्हणून विचारले, "आणि मी चोवीस तारखेला उठलोच नाही तर? मग त्यांचं काय करशील?"

"असं अभद्र बोलू नको."

"सांग तर."

त्याने बसचे इंजिन बंद केले. मग म्हणाला, "काय करणार? तुझ्या नावाने लिहीत जाईन. चालू ठेवू."

तो हे प्रेमाने म्हणाला, हे मला माहीत आहे. पण माझ्यामागे माझ्या नावाने तेच दोन शब्द जात राहणार, ही इस्टेट मला कोणाला द्यायची नाही. प्रमुख कोण ते टोळीने मत देऊन ठरवावे. माझे जहाज, ढाली आणि इतर सामान बंदरावर उतरणाऱ्या नव्या माणसांना वाटून टाकावे. त्यानंतर "वाटाड्या" हे माझे खाते मुलीने बंद करावे.

वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. हातोड्याला आता काही मिळत नाही, म्हणून त्याला साक्षीला बोलावले. अकरा वर्षांत प्रथमच आम्ही एकमेकांचे तोंड पाहिले. चपला काढता काढता म्हणाला, "वारसा काढून घेतोस आणि वर सहीला बोलावतोस, कमाल आहे तुझी!" मग पत्नीकडे वळून म्हणाला, "वहिनी, हा घरी पण असाच का?" पत्नी म्हणाली, "घरी तर ह्याहून."

७. निवांतरावांबाबत. मी आधी या कलमात असे लिहिणार होतो की माझ्या मृत्यूनंतर मुलीने त्यांना खरे काय ते कळवावे आणि माझे जहाज द्यावे. दोन दिवस तसा मसुदा होता. मग लक्षात आले की हे मेल्यावर सांगणे म्हणजे त्यांचा राग ऐकून घ्यायला तिथे कोणी नसणे. तो मसुदा फाडला.

चौदा तारखेला सकाळी दहा वाजता मी त्यांच्या घरी, पहिल्या अहवालाखाली त्यांनी लिहिलेल्या नंबरवर, फोन लावला. सुनेने उचलला. "बाबा, तुमचे वाटाड्या!" त्यांनी तिला रेडिओ बंद करायला सांगितलेले ऐकू आले. आवाजात आनंद होता.

"निवांतराव, कंदील नाहीये."

"दक्षिणेकडे नाही? बरं झालं सांगितलंत, नाहीतर वर्ष गेलं असतं. मग पश्चिमेकडून—"

"कुठेच नाही. कधी नव्हता. मीच बनवून सांगितलं होतं. नव्या माणसाची गंमत करतात, तशी."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"टोळीत सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"चाळीस जणांना?"

"हो."

"आणि मी रोज कळवत होतो."

 ते पुढे म्हणाले, "सून म्हणाली होती, बाबा, असं काही नसेल, तुम्हाला बनवतायत. मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, ती माणसं दहा-दहा वर्षं आहेत तिथे, उगाच का सांगतील?"  मग, "तिची माफी मागायला हवी," असे म्हणाले आणि फोन ठेवला. मी माफी मागणार होतो, ती राहूनच गेली. नंतर लिहून मागितली.

तीन दिवस सकाळी सहाला काही आले नाही. मी सहा वाजता तिथे बसायचो, इतकेच. हातोड्यानेही तीन दिवस "सांगितलं होतं ना" असे म्हटले नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

अठरा तारखेला सहा वाजून पाच मिनिटांनी एक ओळ आली: "कंदील नाही, तर मग टोळीत यायला काय आणायचं?"

मी ती ओळ पत्नीला वाचून दाखवली. तिला खेळातले काही कळत नाही. ती म्हणाली, "अहो, मग घ्या ना त्यांना आत. एवढ्यासाठीच तर आले होते."

मी त्यांना उत्तर लिहिले की काही आणायचे नाही. मग कंदिलाची अट आमच्या नियमांतून कायमची खोडली आणि काल, एकोणीस तारखेला, सकाळी साडेसहाला सर्व टोळीला हजर राहायला सांगून, सगळ्यांसमोर "निवांत" या नावापुढचे "स्वीकारा" हे बटण दाबले. त्याला एक क्षण लागला. ते बटण चौदा महिने तिथेच होते. त्यानंतर मी प्रमुखपद सोडले.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही करत आहे. त्यांनीही माझ्या समक्ष सह्या केल्या.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: वीस, सकाळी अकरा वाजता

सही: वजनकाटे दुरुस्त करणारा, वय ५९

साक्षीदार पहिला: शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)
साक्षीदार दुसरा: बसचालक, ऊर्फ हातोडा (सही)